मांडीतला पीळ

गल्लीच्या टोकाला मास्तरांचं शिलाईचं दुकान. पायमशीनवर बसून त्यांची अर्धी हयात गेली. धाकटी लेक बापापेक्षा वीतभर उंच झाली, तरी घरात ती बारकीच राहिली.

या बारकीच्या उजव्या गुडघ्याची वाटी सटकायची. वळताना, जिना उतरताना, एकदा तर नुसती खुर्चीवरून उठताना वाटी बाहेरच्या अंगाला निसटली आणि पोरगी जागच्या जागी कोसळली. पट्टा बांधून झाला, व्यायाम झाले. बालवाडीत शिकवायचं काम तिने हौसेने मिळवलं होतं, पण एक दिवस कडेवरच्या पोरासकट ती पडली. पोराला खरचटलंही नाही, हिने मात्र असा धसका घेतला की बालवाडी सुटली आणि घरातसुद्धा ती भिंत धरून चालू लागली.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी कंबरेपासून घोट्यापर्यंत पायाची चित्रं काढून घेतली आणि म्हणाल्या, मांडीचं हाड कापावं लागेल.

मास्तरांना कळेना. दुखणं गुडघ्याचं, आणि कापायची मांडी? तेही धडधाकट हाड?

बायकोने कोपराने ढोसलं. "गिऱ्हाइकाशी बटणावरून तासभर भांडता, आणि इथे मूग गिळून बसलात होय?"

बाई हसल्या. त्यांनी हाडाच्या वरच्या टोकाचं चित्र खालच्या टोकाच्या चित्रावर ठेवून दाखवलं. हाड लांबीला सरळच होतं, पण स्वतःभोवती आत पिळलेलं होतं. त्यामुळे खुब्याने समोर बघितलं की गुडघा दुसऱ्या गुडघ्याकडे बघायचा. वाटी ज्या खोबणीतून सरकते ती खोबण आत वळलेली, आणि मांडीचे स्नायू वाटीला ओढायचे बाहेर. ती निसटेल नाही तर काय करेल, असं बाई म्हणाल्या.

मास्तर चित्राकडे बघत राहिले. मुंड्यात, खांद्याच्या जोडाला, बाही फिरून बसली की चुण्या कोपरापाशी दिसतात. तिथे कितीही इस्त्री फिरवा, चुणी जात नाही. बाही वरून उसवावी लागते. हे ते रोज करत होते. आणि लेकीच्या पायजम्याची उजवी शिवण गुडघ्यावर पुढे यायची, तेव्हा त्यांनी काय केलं होतं? आपलंच बेतणं चुकलं असं समजून दर वेळी शिवण मागे सरकवली होती. कापड सुधारत बसले होते. आतलं हाड पिळलेलं असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"पण बाई," ते अखेर बोलले, "किती फिरवायचं ते आत कसं कळतं?"

बाईंनी टेबलावरच्या दोन पेन्सिली उचलल्या. कापायच्या जागेच्या वर एक सळई हाडात रोवायची, खाली दुसरी, आणि जेवढा पीळ काढायचा तेवढाच कोन दोन्हींत ठेवायचा. मग हाड कापून खालचा भाग फिरवायचा. बाईंच्या हातातली तिरकी पेन्सिल हळूहळू वळली आणि दोन्ही पेन्सिली एका रेषेत आल्या. मग धातूची पट्टी आणि स्क्रू लावून ते पक्कं करायचं. वाटीला आतून धरणारा बंध फाटला होता, तोही त्याच वेळी नवा करायचा होता.

"म्हणजे शेवटी पट्टीने शिवणार."

"नाही मास्तर. शिवण हाड स्वतःच घालतं. आम्ही नुसतं धरून ठेवतो."

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. हो म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"बाबा," बारकी म्हणाली, "मला कापण्याची भीती वाटत नाही. जन्मभर भिंत धरून चालायची वाटते."

मास्तरांनी मान डोलावली.

शस्त्रक्रियेनंतर खाटेवर झोपलेल्या लेकीची चादर परिचारिकेने बाजूला केली, तेव्हा मास्तर पायथ्याशी उभे होते. डाव्या पायात पीळ नावालाच होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. उजवा सुजलेला, पट्ट्यांत गुंडाळलेला. तरी दिसायचं ते दिसलं. दोन्ही गुडघे छताकडे बघत होते. इतक्या वर्षांत ते असे शेजारी शेजारी, एकाच दिशेला बघताना त्यांनी पाहिलेच नव्हते.

पुढे कुबड्या आल्या. दर तपासणीला बाई नवं चित्र उजेडावर धरायच्या. आधी कापलेली फट स्वच्छ काळी होती. मग तिच्या कडेला धुरासारखं काहीतरी पांढरं आलं. मग ते दाटलं. मास्तर डोळे बारीक करून बघायचे. लेक जेवत होती, झोपत होती, आईशी वाद घालत होती, आणि हे काम आत गुपचूप चाललं होतं. ना सुई, ना दोरा.

हाड जुळलं तशा कुबड्याही सुटल्या. मग व्यायामाच्या ताईंनी तिला भिंतीपासून दूर, खोलीच्या मधोमध उभं केलं आणि सांगितलं, गुडघे वाकव आणि उजव्या पायावर भार टाकून वळ.

बारकीचा चेहरा पांढरा पडला. बायकोने मास्तरांचं मनगट घट्ट धरलं. बारकी वाकली. कातडीखाली वाटी हलली, खोबणीतून सरळ खाली सरकली. बारकी वळली. वाटी जागेवर होती.

"परत करू?" बारकीने विचारलं. उत्तराची वाट न बघता ती वळली. मग दुसऱ्या बाजूला वळली. मग मान खाली घालून, स्वतःचाच गुडघा निरखत, सावकाश.

"अगं, भोवरा झालीस की," आई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

ताई म्हणाल्या, आजच्याला पुरे.

"एकदाच," बारकी म्हणाली.

मास्तरांच्याही ओठावर तेच आलं होतं.