गाऱ्हाणं बंद

आखाती देशातल्या सुलैबियात एका गोदामात दरवर्षी गणपती बसायचा. गोदाम होतं गणेश मंडळाचे अध्यक्ष अनुपसाहेब यांचं, मूर्तीही त्यांचीच, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना ‘राजे’ म्हणत. यंदा राजांना सुधारणेची लहर आली. व्हॉट्सअ‍ॅपवर फर्मान निघालं: आरती पंधरा मिनिटांत, गाऱ्हाणं बंद. देवापुढे ओरडून मागण्या करणं मागासपणाचं, शिवाय आवाज बाहेर जातो आणि इथे उघड पूजेला बंदी.

कोकणातले वेल्डर, पेंटर, सुतार खवळले. एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत साक्ष द्यायची, ही त्यांच्या गावची रीत. बारा वर्षं गाऱ्हाणं घालत आला होता विठ्ठल सुतार. यंदा तर त्याला ते हवंच होतं. त्याची लेक विनिता गरोदर होती आणि आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. गावी जायला त्याला रजा नाकारली गेली होती. बापाच्या हातात एवढंच उरलं होतं.

आरती संपली. “चला, जेवायला,” अनुपसाहेब म्हणाले. कोणी हललं नाही. शंभर माणसं मांडी ठोकून बसून राहिली.

“गाऱ्हाण्याशिवाय आमी उठूचव नाय,” मुकेश वेल्डर म्हणाला.

“पुढच्या वर्षी बघू.”

“फुडचा वर्स कोणी बघल्यान? विठ्ठलदादा, उठा!”

अनुपसाहेबांनी एकदा गर्दीकडे पाहिलं आणि शटर खाली ओढलं. विठ्ठल उभा राहिला. त्याने नोकऱ्यांसाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं, गावाकडच्या म्हाताऱ्यांसाठी मागितलं. दर वेळी ‘व्हय म्हाराजा!’ची गर्जना उठली. शेवटी लोकांनी त्याला खांद्यावरच घेतलं.

पंगत बसली. विठ्ठलने पहिला घास उचलला आणि तसाच परत ताटात ठेवला. भांडणाच्या भरात विनिताचं नावच राहिलं होतं! जेवत्या माणसांना पुन्हा उठवायचं कुठल्या तोंडाने? तो एकटाच मूर्तीपुढे गेला.

“बा देवा म्हाराजा, माझ्या विनिताक ह्या टायमाक सुखरूप सोडव रे म्हाराजा.”

साक्ष द्यायला कोणी नव्हतं. साक्षीशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, हे तो लहानपणापासून मानत आला होता. त्याचे डोळे भरून आले.

मागे अनुपसाहेब समईत तेल घालायला आले होते. त्यांनी तेलाची बाटली खाली ठेवली आणि हात जोडले.

“होय महाराजा,” ते म्हणाले.