बाथरूममधला कागद

खळवाले काका गेले अकरा दिवस स्वतःच्याच बाथरूममध्ये स्वतःशीच भांडत होते. भांडायला घरात दुसरं होतंच कोण? तीन महिन्यांपूर्वी काकू याच बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मुलगा त्यांना दवाखान्यातून परस्पर आपल्या घरी घेऊन गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, बाथरूममध्ये धरायला दोन्ही बाजूंना दांडे हवेत. दांडे आणून झाले. पण बसवायचे कशात? भिंतीला चिकटवलेल्या शोभेच्या कागदाखालचा गिलावा ओल धरून भुसभुशीत झालेला. म्हणजे आधी कागद काढा, मग भिंत दुरुस्त करा, दांडे बसवा, वरून रंग द्या. एवढं झालं की काकू घरी. काकांनी तरी मनाशी असंच धरलं होतं.

आणि तो कागद निघेल तर शपथ!

निघणार कसा? चिकटवला कोणी होता! चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींना खळीनं कागद चिकटवण्यात गेली, म्हणून तर काकांना सगळे खळवाले म्हणत. पण घरात मात्र दिव्याखाली अंधार. बाथरूममधला कागद वाफेनं सुटायचा आणि लोंबत राहायचा. एकदा चार पाहुण्यांसमोर काकू म्हणाल्या, "जगाच्या भिंती सजवतात हे, आणि आमच्याकडे आंघोळीला बसलं की कागद डोक्यावर पडतो." पाहुणे पोट धरून हसले. काका नाही हसले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खळीत सुताराचा सरस ओतला, प्रायमरच्या अस्तराला फाटा दिला आणि कागद थेट गिलाव्यावर चढवला. "आता भिंत पडेल, पण कागद पडायचा नाही!" अहो, असं करू नये हे कालचा नवशिकाही सांगेल. लावलेला कागद कधीतरी काढावा लागतोच. पण काकांना सांगायला धजणार कोण? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

वरचा प्लास्टिकचा पापुद्रा पहिल्याच दिवशी सोलून आला. खाली राहिला तो करडा, हट्टी कागद. गरम पाण्यात व्हिनेगर घालून फवारायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, मग खरवडायची पट्टी भिंतीला जवळजवळ टेकवून पुढे सरकवायची. जरा उभी धरली की गिलाव्यात खड्डा. एवढं करून निघायचा काय, तर बोटभर तुकडा. दिवस मावळेपर्यंत ताटाएवढी जागा मोकळी झाली तरी खूप. खांदे भरून यायचे. ओले तुकडे तळव्यांना चिकटून घरभर पसरायचे आणि त्यावरून बोलायला कोणी नसायचं. मधेच काका "अगं, बादली दे जरा" म्हणून हात मागे करायचे. हात तसाच राहायचा. मग स्वतःच उठायचे, स्वतःलाच शिव्या घालायचे. घर खायला उठतं म्हणतात, ते काकांना या दिवसांत पुरतं कळलं.

मुलगा म्हणाला होता, "बाबा, माणूस पाठवतो. वाफेचं मशीन आणेल, एका दिवसात काम होईल."

"माझ्या भिंतीला दुसऱ्याचा हात? मी काय मेलोय?" काकांनी फोनच आपटला. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही.

रोज चार वाजता काकूंशी बोलणं व्हायचं. फोनचा आवाज पूर्ण मोठा करून काका तो कानाला लावायचे. त्यांचे कान तपासून घ्या म्हणून घरातले पाच वर्षं मागे लागले होते. काकांचं म्हणणं, माणसंच हल्ली पुटपुटतात.

"किती राहिलं हो?" काकू विचारायच्या.

"झालंच. चार हात."

"कालही चारच होते की."

"मोजायला तू होतीस का इथे?"

काकू हसायच्या. पण "कधी येतेस?" म्हटलं की नातवाच्या शाळेचं काहीतरी काढायच्या.

बाराव्या दिवशी सकाळी खिडकीखालचा शेवटचा तुकडा निघाला. काकांना चार वाजेपर्यंत धीर कुठला! त्यांनी लगेच फोन लावला. तो सुनेनं उचलला.

"आई खाली फिरायला गेल्यात, बाबा."

"फिरायला? कोणाला धरून?"

"एकट्याच. काठी सुटून तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे! अगं, मग ती घरी का येत नाही?"

"बाबा, रागावू नका. त्या स्वतः कधी बोलायच्या नाहीत. पडल्या त्या दिवशी त्या तुम्हाला हाका मारत होत्या. पाऊण तास. तुम्ही बाहेर खुर्चीत बसला होतात."

"छे! बेशुद्ध पडली होती ती."

"तुमच्या जिवाला लागू नये म्हणून तसं सांगितलं. दांडे काय, कधीही बसतील. पण पुन्हा पडले तर, हीच भीती बसलीय त्यांच्या मनात."

काकांनी फोन ठेवला. थोड्या वेळानं त्यांनी समोरच्या टेलरबाईंचं दार वाजवलं आणि त्यांना घरात आणलं.

"बाथरूममध्ये जा, दार लावून घ्या आणि मला हाका मारा."

"अगं बाई! हे काय भलतंच, काका?" टेलरबाई ओरडून म्हणाल्या. काकांशी सगळे ओरडूनच बोलत.

"मारा हो. पडलोय असं समजा. म्हणजे मी नाही, तुम्ही."

बाई आत गेल्या. दार लागलं. काका त्याच खुर्चीत बसले, घड्याळाकडे बघत. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाई लाजत असणार, त्यांना वाटलं. "अहो, मारा की!" ते ओरडले. पाच मिनिटं झाली. मग दार उघडलं. टेलरबाईंचा चेहरा लाल झाला होता.

"घसा बसला माझा!" त्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या. "दहा-बारा हाका मारल्या. शेवटी तर दारही बडवलं."

चार वाजता काकूंचा फोन आला. "किती राहिलं हो?"

"निघाला सगळा."

"बरं झालं."

"अगं," काका म्हणाले, "त्या दिवशी तू हाका मारत होतीस?"

काकू म्हणाल्या, "हो."

"काय म्हणून मारत होतीस?"

"काय म्हणून म्हणजे? 'अहो' म्हणून. दुसरं काय म्हणते मी तुम्हाला?"

काकांना हुंदका आवरेना. तो त्यांनी तसाच येऊ दिला.

"उद्या कान दाखवून येतो," ते म्हणाले. "मशीन लाव म्हणाले तर मशीन लावतो. तोवर तू येऊ नकोस."

उभ्या संसारात काकूंनी त्यांचं एक वाक्य वाद घातल्याशिवाय मान्य केलं नव्हतं.

"बरं," काकू म्हणाल्या.