पहिला घास

उषाबाईनं ताट वाढलं, भाकरी मोडली, वरणात बुडवली आणि पहिला घास आपल्याच तोंडात घातला. समोर अंगद बसला होता. तिचा एकुलता एक लेक, तिशीचा गडी. तो आईच्या गळ्याकडं टक लावून बघत होता. घास खाली उतरला, आई बसल्या जागी धडधाकट आहे अशी खात्री पटली, तेव्हा कुठं त्यानं ताट पुढं ओढलं.

"भाजीबी खा," तो म्हणाला.

तिनं भाजी खाल्ली. चटणीत बोट बुडवून चाटलं, तांब्यातलं पाणीही घोटभर प्याली. रोजचंच होतं हे. कुणीतरी आपल्याला विष घालणार, हे अंगदच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि ते काढायला घरात कुणी धजत नव्हतं.

कॉलेजात असताना तो गावाबाहेरच्या मठीवर भजनाला जायचा. तिथं चिलीम फिरायची. 'शंभूचा प्रसाद हाय, घे,' म्हणत म्हाताऱ्यांनीच ती त्याच्या हातात दिली. रामकिसन, त्याचा बाप, तेव्हा हसला होता. पुढं प्रसाद रोजचा झाला, मग सकाळ-संध्याकाळचा. मग अंगदला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू यायला लागली. चिलीम ओढणाऱ्या सगळ्यांचंच डोकं फिरतं असं नाही. मठीवरचे म्हातारे अजून ठणठणीत आहेत. याचं फिरलं, आणि ज्या आईचं पोर आहे तिला बाकीच्यांच्या ठणठणीतपणाचं काय कौतुक?

"आवरलं का न्हाई अजून? जीप येऊन उभी हाय," ओसरीवरून रामकिसन ओरडला.

कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष, मोसंबीची बाग, दारात ट्रॅक्टर. आज त्याला जाफराबादच्या एका कॉलेजात बोलावलं होतं. विषय होता, 'गांजा कायदेशीर करावा का?' अध्यक्ष रामकिसन, आणि सत्कार जोडीनं. आता बोला! गांजावर बोलायला अख्ख्या तालुक्यात हाच एक माणूस सापडला.

अंगदच्या खोलीला बाहेरून कडी घालून दोघं निघाले.

हॉल पोरापोरींनी भरला होता. पहिल्यांदा मुकुल नावाचा, चष्म्याचा एक पोरगा उठला. तो म्हणाला, "दारूचं दुकान सरकारच्या परवान्यानं चालतं आणि गांजाला तुरुंग, हा कुठला न्याय? बंदी आहे म्हणून लोक लपून पितात. लपून पितात म्हणून डॉक्टरकडं जात नाहीत. आजारी माणूस गुन्हेगार ठरतो, आणि त्याचं घर त्याला लपवत बसतं."

उषाबाईनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. हे पोरगं आपल्या घरात डोकावून आलं की काय?

मग जान्हवी नावाची मुलगी उठली. "परवाना दिला की ते पानटपरीवर मिळणार," ती म्हणाली. "आज भीतीनं दहा पोरं लांब राहतात, ती उद्या लांब राहणार नाहीत. प्रत्येकाला बाधेल असं नाही, पण कुणाला बाधेल हे आधी कुणालाच कळत नाही. आणि एकदा फिरलेलं डोकं कुठला कायदा परत आणून देणार आहे?"

हीही खरंच बोलत होती. उषाबाईला वाटलं, उठावं आणि दोघांनाही सांगावं, लेकरांनो, तुम्ही दोघंही माझ्याच घरातलं बोलून राह्यले. पण अध्यक्षांची बायको ती. अंगावर सत्काराची शाल, मांडीवर नारळ. ती गप्प बसली. गप्प बसायची सवय जन्माची.

शेवटी रामकिसन उठला. टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "कायदा सैल करायच्या बाता करू नका! गांजा पेणाऱ्याला पारावर उभा करून चाबकानं फोडला पाह्यजे. माझ्या गावात, माझ्या घरात हे बिलकुल चालू द्यायचा न्हाई मी!"

टाळ्या काय पडल्या म्हणता! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण त्या हॉलमधल्या प्रत्येक पोरानं शाळेत पाठ केली होती. पण म्हणीतला माणूस समोर उभा राहिला की ओळखू येत नाही.

खाली उतरल्यावर तातेराव पुढं आला. सोयरिकी जुळवणारा माणूस. त्याच्याबरोबर राजूरचे रखमाजी होते. गणपतीच्या देवळाजवळ त्यांचं नारळ-प्रसादाचं लहानसं दुकान. मीना ही त्यांची तिसरी मुलगी, आणि तिच्याकरता अंगदचं स्थळ तातेरावनंच सुचवलं होतं. अंगद घटस्फोटित होता, म्हणून रखमाजी अडखळत होते. आता त्यांनी रामकिसनचे दोन्ही हात धरले.

"पाव्हणं, मनात किंतु व्हता. आज तुमचं बोलणं ऐकलं अन् गेला. ज्या घरचा बाप इतका कडक, त्या घरात लेक द्यायला काय भ्यायचं? तुमी हुंडाबी घेऊन न्हाई राह्यले. उद्याच सुपारी फोडू."

उषाबाईच्या हातातला नारळ निसटून फरशीवर गडगडत गेला.

घरी आल्यावर तिनं धीर केला. "अवं, ते पोरगं बराबर बोलत व्हतं. आपण लपवलं म्हणून इलाज राह्यला. अंगदला जालन्याला दाखवू."

"अन् दवाखान्यात काय सांगू? अध्यक्षाचं पोरगं गांजा पेतं? पोलीस दारात पाह्यजे का तुला? झाकली मूठ सव्वा लाखाची, ध्यानात ठेव."

"पण त्या पोरीचं काय व्हईल?"

"दोनाचे चार हात झाले की पोरं सुधरत्यात. जिम्मेदारी पडली की बराबर सरळ व्हतंय."

"हेच तुमी दैवशालाच्या टायमालाबी बोलल्ते."

रामकिसन टॉवेल झटकून आत गेला.

दैवशाला ही अंगदची पहिली बायको. पिंपळगाव रेणुकाईची, मिरचीवाल्या घरची, चुणचुणीत पोर. तिच्या सुपारीच्या वेळेलाच अंगदला आवाज ऐकू येत होते, आणि ते उषाबाईला ठाऊक होतं. लग्न झालं आणि पहिला घास खायचं काम सासूकडून सुनेकडं आलं. दैवशाला बिचारी सुरुवातीला थट्टाच समजली. पुढं मुकाट्यानं खात राहिली. एका संकष्टी चतुर्थीला तिचा उपास होता. "चंद्र निघू द्या, मंग खाते," एवढंच ती म्हणाली. अंगदनं भरलेला पितळी तांब्या तिच्या कानशिलावर हाणला. डाव्या कानातून रक्त आलं, आणि त्या कानानं तिला पुन्हा ऐकू आलं नाही.

आणि रामकिसननं काय करावं? गावभर सांगत सुटला, पोरगी जन्माची बहिरी निघाली, आमाला फसवलं! पंचांत बसून, वकील गाठून तिला मोकळी केली. बायका उषाबाईला विचारायच्या, "खरंच बहिरी व्हती का ओ?" उषाबाई मान हलवायची. एवढीच तिची साक्ष, पण त्या एका मानेनं एका पोरीचं आयुष्य खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकिसननं खिशातून कागदाची पुडी काढून अंगदच्या खोलीत दिली. कालच टेबलावर आपटलेल्या त्याच हातानं. "जल्दी दम मारून घे. तिथं गप बसायचं," तो म्हणाला. उषाबाई दारातच उभी होती. त्याला तिची लाजही वाटली नाही.

रखमाजींच्या दुकानामागच्या खोलीत बैठक घातली होती. पाटावर सुपारी, हळदकुंकू, पेढ्यांचा पुडा. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. अंगद नवा शर्ट घालून भिंतीला टेकून बसला होता, डोळे जड, ओठांवर हसू. तातेराव हुंडा न घेणाऱ्या घराची तारीफ करत होता. सगळं सुरळीत चाललं होतं.

मीना चहा घेऊन आली. लहानखुरी पोर, पोपटी साडीत गुरफटलेली. तिनं अंगदपुढं कप धरला. अंगदनं कपात पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं.

"आधी तिला पेऊ द्या," तो म्हणाला.

खोलीत हशा उसळला. तातेरावनं मांडीवर थाप मारली. "लई हौशी नवरदेव हाय राव! आत्तापासून उष्टं पाह्यजे!" बायकांनी तोंडाला पदर लावले. मीना लाजून चूर झाली. तिनं आई नंदाबाईकडं पाहिलं. नंदाबाईनं हसत मान डोलावली. पोरीनं बशीत चहा ओतला आणि एक घोट घेतला.

अंगद हसत नव्हता. तो मीनाच्या गळ्याकडं टक लावून बघत होता.

उषाबाईनं तो गळा पाहिला. पातळसा, त्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला देवीचा टाक. घोट खाली उतरताना तो टाक जरासा हलला. तातेरावनं सुपारी उचलली होती.

"थांबा! फोडू नका."

तिचा आवाज तिलाच परका वाटला. ती उठून उभी राहिली होती.

"ही थट्टा न्हाई, माय. त्याला वाटतं, चहात विष हाय. हा गांजा पेतो. डोकं फिरलंय त्याचं. रोजचा पहिला घास मी खाते, मंग हा जेवतो. उद्यापासून तो तुमच्या पोरीला खावा लागंल."

"येडी झाली का गं तू?" रामकिसन उठला. "बस खाली! पाव्हणं, हिला उन्हाचं व्हतंय कवा कवा…"

"उन्हाचं न्हाई. दैवशाला बहिरी न्हवती. दोन्ही कानांनी चांगली ऐकत व्हती. उपासाच्या दिवशी घास खाल्ला न्हाई म्हणून यानं तांब्या हाणला. मी डोळ्यानं पाह्यलं. अन् मीच बायकांत मान हलवली, की हो, बहिरी हाय."

कुणीच हसेना. नंदाबाई उठली, मीनाच्या हातातली बशी काढून घेतली आणि तिला आत घेऊन गेली.

रखमाजींना वाचा फुटली. आणि फुटली ती काही आभार मानायला नाही.

"बाई, हे काल का न्हाई बोलल्या? चार लोकं बोलावून, सुपारी मांडून मंग बोलायचं? मोडलेल्या सुपारीची पोर म्हणून आता कोण दारात येईल माझ्या?"

"काल मी भेले," उषाबाई म्हणाली. "तुमचं खरं हाय, पण भेले मी."

रामकिसननं तिला दंडाला धरून ओढलं. तेव्हा अंगद उठला. गोंधळलेल्या लेकरासारखा आईला बिलगून म्हणाला, "माय, घरी चल. इथं लोक मारत्यात."

त्या दिवसापासून रामकिसननं बायकोशी बोलणं टाकलं. अध्यक्षपदाचा राजीनामा दिला म्हणे तब्येतीच्या कारणानं. भावकीनं उषाबाईला नावं ठेवली. पोटच्या पोराची अब्रू चव्हाट्यावर मांडणारी आई, कुठं फेडंल हे पाप? ही सगळी बोलणारी माणसं दैवशालाच्या लग्नात पंगतीला जेवून गेली होती, हे तेवढं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग उषाबाई अंगदला घेऊन एसटीनं जालन्याला गेली. डॉक्टरीणबाईंनी पोलीस बोलावले नाहीत. शांतपणे सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "आवाज ऐकू यायला लागले, तेव्हाच आणायला हवं होतं. आता औषध खूप दिवस चालेल, आणि चिलीम बंद म्हणजे बंद. पूर्वीसारखा होईलच असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही."

औषधानं अंगद जरा निवळला. अजून पहिला घास मात्र तीच खाते.

वर्तमानपत्रात तो वाद चालूच आहे. कुणी म्हणतं बंदी उठवा, कुणी म्हणतं आवळा. शहाणी माणसं आहेत, ठरवतील. पण पोराचं डोकं ठिकाणावर यावं म्हणून त्याच्या हाताखाली एक परकी पोर आणून द्यायची, हे आपण कुठल्या कायद्याला विचारून करत होतो?

एक दिवस उषाबाई पिंपळगाव रेणुकाईला गेली. दैवशाला अंगणात मिरचीच्या ढिगापाशी बसून खराब मिरच्या बाजूला काढत होती. सासूला पाहून ती उठली नाही. उषाबाई तिच्या डाव्या बाजूला बसली आणि राजूरला झालेलं सगळं सांगायला लागली. अर्धं सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, पोरीला काहीच ऐकू गेलेलं नाही. ती उठून उजवीकडं बसली आणि पहिल्यापासून सांगितलं.

दैवशाला मिरच्या निवडत राहिली. मग म्हणाली, "त्या पोरीच्या सुपारीला उठल्या, बरं केलं. पण माझ्याबी सुपारीला तुमी तिथंच बसल्या व्हत्या ना, आत्याबाई?"

"व्हते," उषाबाई म्हणाली. "अन् मला ठाऊक व्हतं."

उषाबाईनं पदरानं डोळे पुसले, तसं दैवशालानं हात झटकले.

"इथं रडून मला काय उपयोग न्हाई. या गावात अजून मला जन्माची बहिरी म्हणत्यात. माझ्या धाकट्या बहिणीला स्थळ येईना, की घराण्यातच बहिरेपण हाय म्हणून. आता या टायमाला पारावर माणसं बसलेली असत्यात. जे राजूरला बोलल्या, ते तिथं बोलता का?"

उषाबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि ती उठली.

दोघी पाराकडं निघाल्या. दैवशालानं तिला आपल्या उजव्या बाजूला घेतलं, म्हणजे ती काय बोलते ते नीट ऐकू यावं.