घुबडाची मठाटी

पोळ्याच्या आदल्या दिवशी धुळ्याच्या बाजारात बैल सोडून बैलाचं सगळं मिळतं. झुली, घुंगरमाळा, शिंगांचा रंग. अठ्ठ्याऐंशी साली त्या रांगेत प्रमिलाबाई चादर अंथरून बसल्या होत्या आणि समोर दोऱ्याच्या गाठींचं, मॅक्रमचं एक घुबड होतं.

त्या सुमारास शहरात मॅक्रमची साथ होती. महिला मंडळाच्या वर्गात बाकीच्या बायका कुंडीच्या शिंक्यावर थांबल्या, प्रमिलाबाईंनी घुबड पुरं केलं. हातभर लांब, पांढऱ्या दोऱ्याचं, वर टांगायची काठी, डोळ्यांना लाकडी मणी. ते भिंतीवर चढताच सासूबाईंनी देवघराचा पडदा ओढला.

“बंगालमध्ये घुबड लक्ष्मीचं वाहन मानतात,” प्रमिलाबाईंचे यजमान अभिमन सर आईला म्हणाले. ते भूगोल शिकवत.

“मग तिकडे पाठव.”

निकाल लागला. गणपती बसायच्या आत घुबड विकायचं, नाहीतर उसवून दोरा कपडे वाळत घालायला. प्रमिलाबाईंनी त्या गाठींवर उन्हाळा घालवला होता. दोऱ्याच्या वस्तू खपतात असा गणपतीआधी हा एकच बाजार.

शेजारी सुगंधाबाई स्वतः वळलेले लोकरीचे गोंडे आणि बैलांच्या मठाट्या विकत होत्या. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, “ताई, हाई काय शे?”

“शोभेचं आहे. भिंतीवर लावायचं.”

“भीतले पोळा ऱ्हास का?”

दुपारपर्यंत गिऱ्हाइकं घुबडाकडे पाहत आणि घुबड गिऱ्हाइकांकडे. एकाने मासे धरायचं जाळं का म्हणून विचारलं. सुगंधाबाईंनी अर्धी भाकर पुढे केली, सासूबाईंची हकिगत ऐकून घेतली आणि सल्ला दिला, “शेपूट कापी टाका.”

“पंख आहेत ते.”

मग जवळच्या खेड्यातले भटू आबा आले. त्यांना बैलाच्या कपाळावर बांधायला मठाटी हवी होती. सुगंधाबाईंच्या मठाट्या उलटसुलट करता करता त्यांची नजर शेजारी गेली.

“आबा, नजर लागाव नही अशी चीज शे ती,” सुगंधाबाई म्हणाल्या. आपला माल सोडून.

प्रमिलाबाई गप्प बसल्या असत्या तर काम झालं होतं. “आबा, ते घुबड आहे,” त्या म्हणाल्या.

सुगंधाबाई आभाळाकडे पाहू लागल्या.

आबांनी घुबड उचलून स्वतःच्या कपाळाला लावलं. “कशी दिखस?”

“बैलले शोभी.”

“मना खळामधला निंबवर रोज घुबड बठस. बैल खाले बठस. दोन्हीसनं पटस.” आबांनी वरची काठी चाचपली. “पण हाई बैलना डोयामा जाई.”

प्रमिलाबाईंनी काठी काढली, दोऱ्याची दोन टोकं शिंगांना बांधण्याएवढी मोकळी केली. सुगंधाबाईंनी दोन्हीकडे लाल गोंडे लावले. घुबड मांडवात निघालेल्या जावयासारखं दिसू लागलं. भाव ठरला. आबांनी ते झुलीत गुंडाळलं.

“उद्या तुमच्या वेशीतून बैल केव्हा निघतात?” प्रमिलाबाईंनी विचारलं.

“ऊन उतरनं की.” आबांना शंका आली. “देखाले येशात का वापस लेवाले?”

“बघायला.”

“मंग सासूलेबी लई या,” सुगंधाबाई म्हणाल्या.

“नको. त्यांना रिकामी भिंत बघू दे.”