सोन्यावरचा काळा ठिपका

वैशाख पेटला होता. काळ्या कातळाच्या उघड्याबोडक्या पठारावर ऊन वैऱ्यासारखे तुटून पडले होते. करपलेले गवत, तडकलेली माती, आणि वर पांढुरके, निर्मेघ, निर्दय आकाश. त्या दाहक दुपारी पठाराच्या कडेला उभी असलेली प्रयोगशाळा तेवढी हिमशीतल होती.

आत थंडी होती. यंत्रांची थंडी, आणि माणसांची.

शर्वरी हातवळणे यंत्रापुढे बसली होती. तिच्या पाठीशी खुर्ची ओढून बसले होते डॉक्टर विश्वंभर गानू. सुईच्या टोकावर धूळ कशी उचलायची, हात हलू नये म्हणून श्वास कसा रोखायचा, हे एके काळी तिला शिकवले ते याच माणसाने. आज त्याच माणसाचा श्वास तिला मानेवर जाणवत होता, निखाऱ्यासारखा पोळत होता.

वैराचे मूळ डोळ्यांना दिसेल एवढेही नव्हते.

एक धूमकेतू सूर्याजवळून गेला, आणि जाताना धुळीची विरळ, रुपेरी वाट मागे ठेवून गेला. पृथ्वी त्या वाटेतून पार झाली तेव्हा ढगांच्याही खूप वर एक विमान उडत होते. त्याच्या पंखाखाली तेल माखलेल्या तबकड्या बांधल्या होत्या. तबकड्यांवर धूळ चिकटली, काजळकाळी, जाळीदार, केसाच्या जाडीहूनही सूक्ष्म. गानूंनी ती पाहिली आणि सांगून टाकले की ही विमानाच्या इंजिनाची काजळी आहे. तसा लेखही लिहिला. शर्वरीने त्याच काजळीतून एक कण वेचला, आणि भर सभेत उभी राहून म्हणाली की हा कण सूर्याहून जुना आहे.

सभेने वह्या उघडल्या. गानू मात्र हसले.

त्या दिवसापासून ती त्यांची शर्वरी उरली नाही, ‘हातवळणे बाई’ झाली. ‘तू’ गेले, ‘तुम्ही’ आले, आणि त्या एका आदरार्थी शब्दात मावेल तेवढा अनादर त्यांनी ठासून भरला. यंत्रावर बसायच्या तिच्या वेळा कापल्या गेल्या. तिचे सहायक दुसरीकडे गेले. तिनेही सोडले नाही. परगावच्या परिषदेत त्यांच्या जुन्या मोजमापांतली चूक तिने त्यांच्या देखत फळ्यावर मांडली. ते पिकलेले मस्तक खाली झुकताना पाहिले, आणि तिला बरे वाटले.

शेवटी प्रयोगशाळेचे संचालक वैतागले. कण एकदाचा दोघांच्या समक्ष मोजा, म्हणाले, आणि हा तंटा मिटवा.

तोच कण आज सोन्याच्या पातळ पत्र्यात दाबून बसवला होता. हेमवर्ण मैदानावर एक काळा ठिपका. त्याच्यावर आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, झोत सुटणार होता. झोत कणाचे अणू खरवडून काढणार, यंत्र ते तोलणार. प्राणवायूचे जड अणू किती, हलके अणू किती, यावरून कळणार होते की कण आपल्या सूर्यकुळातला, की केव्हाच विझून गेलेल्या कुण्या अनाम ताऱ्याचा. पण तोलायचे म्हणजे संपवायचे. जेवढे मोजले तेवढे नाहीसे.

झोत सुटला.

पडद्यावर जड-हलक्या अणूंच्या प्रमाणाची रेषा उमटली, कापरी, कृश. मग ती चढू लागली. पृथ्वीवरचे पाणी, पृथ्वीवरचा खडक, पृथ्वीवरचा श्वास जिथे थांबतो, तिथे ती थांबली नाही. चढली, आणखी चढली. शर्वरी पडद्याकडे वाकली. मागे खुर्ची करकरली.

“थांबवा,” गानू म्हणाले. “निम्मा शिल्लक आहे अजून. तेवढा माझ्याकडे द्या. माझ्या यंत्रावर बघतो.”

मागणी रास्त होती, आणि हे तिला ठाऊक होते. एकाने मोजावे, दुसऱ्याने पडताळावे, ही तर या विद्येची रीतच. झोत थांबवायचे बटण बोटाखाली होते. बोट त्यावर टेकलेही.

तेवढ्यात तिला ते हसू आठवले. भरल्या सभेतले, एकट्याचे, धारदार हसू.

बटण न दाबताच तिने बोट उचलले.

“शर्वरी, थांब.”

कितीतरी काळाने आलेली ती हाक तिने ऐकली, आणि ऐकून पडद्याकडेच पाहत राहिली. सूर्य नव्हता तेव्हा असलेला, युगेच्या युगे तमातून तरंगत आलेला, धूमकेतूच्या हिमगर्भात निजलेला तो कण दोन माणसांच्या द्वेषात झिजत गेला. थराथराने गेला, अणुअणूने गेला.

रेषा स्थिरावली. आकडा लख्ख होता, शंकेला जागा नव्हती. मग मोजायला काही उरले नाही, आणि रेषा कोसळली.

ती वळली. त्यांच्या चेहऱ्यावरची हार वाचायलाच वळली. सूर्याहून जुना आहे, पाहिलेत ना, असे तिने विचारले.

“पाहिलं,” गानू उठत म्हणाले. “मला पटलंसुद्धा. पण उद्या कुणी दाखवा म्हणालं, तर काय दाखवशील? हे मी शिकवलं नव्हतं तुला.”

मागे न पाहता ते निघून गेले. त्यांच्या पावलांत घाई नव्हती, क्षमाही नव्हती.

शर्वरीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सोने होते, झगझगीत, विस्तीर्ण, शांत. मधोमध एक इवलासा खळगा होता. त्यात काजळी नव्हती, राख नव्हती, कडेला चुकून राहिलेला कणही नव्हता. तिने उजेड वाढवला. उजेड सोन्यावरून घरंगळला, खळग्यात उतरला, तळाशी पोहोचला. आणि तळाशी नुसता उजेडच होता.