गोळी पडत नाही

"आजय पडली नाय ती?" पद्मावतीने खाटेवरून विचारलं.

"नाय. परत वर गेली," गोकुळदासने वहीतून डोकं वर न काढता सांगितलं.

गोकुळदास पेडण्यातला पंपमेकॅनिक. केरीच्या किनाऱ्यावर एका गोऱ्याने हॉटेलात आणलेलं पिनबॉलचं मशीनही तोच दुरुस्त करायचा. तिरक्या काचेखाली खांब, घंटा, दिवे आणि एक पोलादी गोळी. खालच्या दोन पट्ट्यांनी ती वर उडवत राहायची, मधून निसटली की खेळ खलास. त्या मशीनात एकदा खेकडा शिरला आणि त्याने गोऱ्याहून जास्त गुण केले. खोटं वाटत असेल तर केरीला जाऊन खेकड्याला विचारा.

त्या गोळीवर गोकुळदासने कादंबरी लिहायला घेतली. गोळी म्हणजे एक बाई. माहेरच्या खांबावर आपटते, सासरच्या घंटेवर आपटते, जिथे आपटते तिथे दिवा लागतो. त्याच्या बायकोला, पद्मावतीला, अक्षर येत नव्हतं, पण त्याने वाचून दाखवताच ती बाई कोण हे तिने पहिल्याच पानाला ओळखलं.

"घरात कोंकणीत भांडतास नि वहीत मराठीत रडतास तुमी," ती चिडवायची.

दोनशे पानांत गोळी पडायची होती. तेवढ्यात पद्मावतीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. तेव्हापासून गोकुळदासची गोळी पडेना. तीनशे पानं झाली, चारशे झाली. रोज सकाळी एक नवं पान वाचून दाखवायचा.

गोवा राज्य झालं त्या सकाळी बाजारात फटाके वाजत होते. पद्मावती म्हणाली, "अवो, मशीन उघडल्यार काच काढून गोळी हातान वर ठेवतास ना, तसाच चललाहा तुमचा. बाई दमली ती. पडांदे तिका."

"मगे पुस्तक संपतला गो."

"संपांदे. शेवट आयकान जाऊचा आसा माका."

तो उंबऱ्यावर जाऊन बसला. तासाभराने तीन ओळी घेऊन आला आणि वाचू लागला. "गोळी दोन पट्ट्यांच्या मधोमध आली. कुणी पट्टी उचलली नाही. ती निवांत खाली गेली."

"बरा लिवलात," पद्मावती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

गोकुळदासने पान उलटलं आणि तो पुढे वाचू लागला. गोळी परत वर आली, घंटा वाजली, सगळे दिवे लागले.

शेजारची हर्षा पेज घेऊन आली. तिने पद्मावतीच्या कपाळाला हात लावला. मग वहीत डोकावून पाहिलं. पान कोरं होतं.

"काका," ती हळूच म्हणाली, "वही मिटा आता."

"वायच थांब गो," गोकुळदास म्हणाला, "हे पान होवंदे."