नावाबिगर काम अडत नाई

माह्यं नाव दिव्यानी. आधीच सांगून देते, कारण माजरीत हे कोणी घेतच नाई. सून ज्या गावाहून आली, त्या गावावरून तिले हाक, अशी इथली रीत. म्हणून मी चामोर्शीवाली. सासू म्हणते, "चामोर्शीवाली, चहा ठेव." नवरा, सुनिल, खाणीतून येते अन् म्हणते, "ऐकलं का?" सहा वर्षं झाली, ऐकूनच राह्यली मी!

लग्नाआधी कॉम्प्युटर शिकली होती. दुपारी सासू झोपली का लॅपटॉप काढते. तलावातलं पाणी मोजाच्या यंत्राचा एक प्रोग्राम हाये, सी भाषेतला, कोणीबी सुधारावा असा खुला. त्यासाठी मी एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक लहान तुकडा, लिहून पाठवलं. पोलंडातला एक माणूस सगळ्यायचं काम तपासते. त्याचं उत्तर आलं, 'प्रिय दिव्यानी'. बापा! पुढचं मी किती वेळ वाचलंच नाई.

पुढं चूक काढली होती. फंक्शनले दोन आकडे द्या लागते, एवढंच मी वरच्या घोषणेत, म्हणजे फंक्शनची ओळख देनाऱ्या ओळीत, लिहिलं होतं. त्या आकड्यायले नावं दिलीच नव्हती. मी तडकली. 'नाव नसलं तरी मशीनचं काम अडत नाई,' असं लिहून टाकलं. आमच्या घरी नाई का चालत सगळं?

त्यानं लिहिलं, 'मशीनचं अडत नाही, दिव्यानी. पण वाचणाऱ्याला कळायला हवं ना, कोणती पाण्याची उंची अन् कोणती काठाची.'

मले रडूच आलं. एवढी साधी गोष्ट त्या परक्याले कळते!

नावं दिली. मंग त्यानं कंस खाली घ्या लावला, मंग ओळ लांब झाली म्हणे, मंग मोकळी जागा. अकरा पत्रं आली अन् दर पत्रात दिव्यानी.

मंगळवारी बारावं आलं. 'आता काही सुधारायचं नाही. काम घेतलं. धन्यवाद.' नाव लिहाचं विसरला मेला.

रात्री सुनिलले सांगितलं, "माह्यं काम घेतलं त्यायनं."

"बरं झालं," तो म्हणे. "भाजी वाढ."

काम करनाऱ्यायच्या यादीत माह्यं नाव चढलं हाये. पण यादी काई हाक मारत नाई.

काल दुपारी दुसरं फंक्शन लिहिलं. कंस बरोबर, ओळी बरोबर, सगळ्या आकड्यायले चांगली नावं दिली. दोनदा तपासलं. मंग घोषणेतलं एकेक नाव पुसलं अन् तसंच पाठवून दिलं.

चिडन तो. चिडू दे. चिडून तरी दिव्यानी म्हणन.